परबांच्या बावीचं पाणी

झरीला तांबडं पाणी आलं त्या दिवशी मी उजाडताना बागेत शिपणं करत होतो. आमची झर डोंगराच्या पायथ्याशी होती. तिथून पाटानं पाणी आमच्या पोफळींत यायचं. एका झाडाचं आळं भरलं की माती ओढून ते बंद करायचं आणि पुढचं उघडायचं, एवढंच काम. थोडीच आळी झाली असतील, तेवढ्यात पाणी विटेच्या भुकटीसारखं दिसायला लागलं. मला वाटलं, वर कोणाच्या तरी म्हशी उतरल्या. खोरं टाकून पाटाच्या काठानं वर गेलो. म्हशी नव्हत्या. झरीच्या तोंडाशी दगडाचं भांडं होतं, त्यात तांबडा गाळ साचला होता आणि धार करंगळीएवढी झाली होती. मी बघत उभा असतानाच ती तुटली. मग नुसते थेंब पडले. मग तेही थांबले.

ती झर आटलेली आमच्या फणसवळात कोणी ऐकली नव्हती. वैशाखातसुद्धा तिचं पाणी कमी होत नसे. आमची सगळी वाडी तेच पाणी प्यायची.

मी तसाच घरी आलो. आवडी, माझी बायको, चुलीपुढे बसून पेज ढवळत होती.

"झर गेली," मी म्हटलं.

"बसा. पेज घेवा."

"गो, झर गेली म्हणून सांगतंय. आधी तांबडा पाणी इला, मगे ताय बंद झाला."

"आयकलंय मी. पेज घेवा नि मगे काय ता बघा."

मी पाणी प्यायला वाकलो. हंडा, कळशी, घागर, सगळं तोंडापर्यंत भरलेलं होतं आणि पाणी नितळ होतं.

"ह्या पाणी खंयचा?"

"परबांच्या बावीचा."

परबांची बाव, म्हणजे विहीर, टेकाडाच्या पलीकडे. भरली घागर घेऊन ते टेकाड चढायचं म्हणजे छाती भरून येते. पण मला वाटलं, काल संध्याकाळी हिला पाणी गढूळ दिसलं असेल, म्हणून पहाटेच तिकडे गेली असेल. मी म्हटलं, "बरा केलंस." तिनं माझ्यापुढे पेज ठेवली आणि मी न खाता डोंगराकडे निघालो.

डोंगराचं काय चाललं होतं ते सांगण्याआधी लवूबद्दल सांगायला हवं.

लवू म्हणजे आवडीचा धाकटा भाऊ. आईबाप लवकर गेले, त्याला हिनंच वाढवलं. तो तिला बाय म्हणायचा. तो पलटणीत भरती झाला, मलायात गेला आणि सिंगापूर पडलं तेव्हा जपान्यांच्या हाती सापडला. लढाई संपेपर्यंत त्याची काही खबर नव्हती. गावातले जाणते म्हणाले, त्याचं दिवसकार्य करून मोकळे व्हा. आवडी म्हणाली, "माझ्या भावाचो पिंड मी घालूक देवचंय नाय. जेका घालूचो आसात तेना माझो आधी घालूचो."

आणि तो आला. समोरचे दात नव्हते, अंगावर कातडं आणि हाडं. पाठीमागून कोणाचं पाऊल वाजलं की दोन्ही हात मांड्यांना चिकटवून ताठ उभा राहायचा. मी मुंबईला गोदीत कामाला होतो, तिथे त्याला चिकटवून दिला. महिन्याच्या आत परत आला. म्हणाला, "भावजी, मुकादम वराडलो की माझा पाणी होता." पुढे मीही गोदी सोडून गावी आलो. आम्हाला मूल नव्हतं. लवू आमच्याच घरी राहिला आणि मला त्याचं कधी ओझं वाटलं नाही. तो दिवसभर पडवीत बसून असायचा. त्याला जेवायला हाक मारायची तर आधी समोर जाऊन उभं राहायचं, मग हाक मारायची. आवडीनं शेजारच्या पोरांनाही तसं शिकवलं होतं.

लढाई संपून बरीच वर्षं झाल्यावर आमच्या डोंगरात लोखंडाचा दगड आहे असं निघालं. शहरातला एक शेठ आला आणि त्याच्याबरोबर एक जपानी इंजिनियर, इशिमुरा साहेब. बुटका, चष्मेवाला, अंगावर साधा खाकी कोट. धक्क्यावर अख्खं गाव जमलं होतं. शेठ इंग्रजीत बोले, साहेबाला ते अर्धंमुर्धं कळे. तो सारखा मान हलवी आणि सगळे खोळंबून उभे. तेवढ्यात लवू गर्दीतून पुढे झाला आणि काहीतरी बोलला. साहेब गर्रकन वळला. त्यानं काही विचारलं. लवूनं उत्तर दिलं. मग त्या साहेबानं टोपी काढली आणि सगळ्या गावासमोर लवूपुढे कमरेत वाकला. बराच वेळ तसाच वाकून राहिला.

घरी आल्यावर मी विचारलं, "काय सांगलंस रे तेका?"

"तेना इचारल्यान, आमची भाषा खंय शिकलंस. मी म्हटलंय, तुमच्या हवालदाराच्या चुलीर भात रांदताना. दात पडले तेवाय मी तेच्याच चुलीर होतंय."

"मगे?"

"मगे काय. वाकलो तो."

त्या दिवसापासून लवू बदलला. शेठनं त्याला दुभाष्याचं काम दिलं. तो रोज दाढी करायला लागला. जेवताना बोलायला लागला, हसायला लागला. आवडीनं एकदा पाठीमागून जाऊन त्याला ताट वाढलं आणि तो दचकला नाही. ती आत येऊन मला म्हणाली, "बघितल्यात?" एवढंच. मला फार बरं वाटलं होतं.

डोंगर गावाचा. तो द्यायचा की नाही, हे ठरवायला देवळात बैठक बसली. साहेब थोडं थोडं बोलायचा, थांबायचा आणि लवू ते आम्हाला सांगायचा. लढाईत त्यांच्या देशात सगळं जळून गेलं. गिरण्या, पूल, बोटी, घरं. साहेबाचं स्वतःचं गाव एका रात्रीत जळालं. काम करायला माणसं आहेत, पण लोखंड नाही. तुमचा देश नवा आहे, तुमच्याकडे लोखंड आहे, यंत्रं नाहीत. तुम्ही दगड द्या, आम्ही यंत्रं देऊ. आता कोणी कोणाचा मालक नाही. पडलेल्या दोघांनी एकमेकांना हात देऊन उठायचं आहे.

"लय बरा बोलता हो," कोणीतरी म्हणालं.

"पण थंय काय डोंगर नाय?" बाबी गुरवानं विचारलं. "आमचोच कित्याक व्हयो?"

"थंयचे डोंगर हालतत," लवू म्हणाला. "भुईकंप होतत."

"मगे आमचो नेल्यार तोय हालाक लागात."

सगळे हसले. साहेबालाही ते सांगितलं, तोही हसला. मग थोरले परब उठले. म्हणाले, "एकच सांगना. झरीच्या अंगाक हात लावचो नाय. ती बाजू सोडून काय खणूचा ता खणा."

लवूनं ते साहेबाला सांगितलं. दोघांचं थोडं बोलणं झालं. साहेबानं डोंगराकडे बघून काही विचारलं, लवूनं उत्तर दिलं. मग लवू आमच्याकडे वळून म्हणाला, "साहेब म्हणतत, झरीची बाजू सोडतले."

मी म्हटलं, "नीट सांगलंस मा तेका?"

"भावजी, ती भाषा माका मारून शिकवलेली आसा. चुकान कशी?"

परत हशा झाला. मीही हसलो.

आता आमच्याकडची रीत अशी की माणसांनी किती ठरवलं तरी शेवटी देवीला विचारायचं. तिच्या पाषाणाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवतात, गुरव गाऱ्हाणं घालतो, म्हणजे तिच्यासमोर सगळी हकिकत सांगतो. उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. त्यालाच कौल म्हणतात. दोन दिवसांनी कौल लावला. बाबीनं गाऱ्हाण्यात सांगितलं, साहेब झर सोडून डोंगर खणणार आहे, द्यावा की न द्यावा. बऱ्याच वेळानं उजवी पडली. झालं. त्यानंतर कोणी साहेबाला परत विचारलं नाही की शेठकडून लिहून मागितलं नाही. झरीची गोष्ट एकदा देवीच्या कानावर घातली म्हणजे तिची जबाबदारी देवीची. पुन्हा माणसाला विचारणं म्हणजे तिच्यावर अविश्वास. देवीला आम्ही डोंगर द्यावा का हे विचारलं होतं. साहेबानं कबूल केलंय का, हे कोणी विचारलंच नव्हतं. ते आम्हाला माहीतच आहे असं आम्ही धरून चाललो होतो.

काम सुरू झालं. सुरुंग लागायचे, बाया पाट्या भरून दगड धक्क्यावर आणायच्या, तिथून पडाव भरून भर समुद्रात उभ्या असलेल्या आगबोटीकडे जायचे. गावात प्रत्येक घरात कोणी ना कोणी कामाला लागलं. गणपतीत सगळ्यांनी नवी लुगडी घेतली. पाऊस सरल्यावर काम डोंगराच्या वरच्या अंगाला सरकलं. तिथे शेठनं बाहेरची माणसं लावली, गावातली माणसं खाली धक्क्याकडे असायची, वर कुठे खणतात ते झाडीमुळे दिसायचं नाही.

झर गेली त्या दिवशी मी वर चढून गेलो तेव्हा दिसलं. झरीच्या बरोबर डोक्यावरचा कडा अर्धा उतरवला होता. साहेब नकाशा घेऊन उभा होता, लवू त्याच्या शेजारी. मला बघून लवू पुढे आला.

"भावजी, हडे येव नको. सुरुंग लावलेलो आसा."

मी साहेबाचा हात धरला आणि ओढला. लवू मध्ये काहीतरी सांगायला लागला. साहेबानं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि त्याला गप्प केलं. मी साहेबाला झाडीतून खाली घेऊन आलो. ही वाट त्यानं कधी बघितली नव्हती. तो यायचा तो धक्क्यावरून सरळ वर. आमची वाडी डोंगराच्या आडोशाला, तिथे लवूनं त्याला कधी आणलं नव्हतं.

झरीपाशी वाडीतल्या बाया रिकाम्या कळश्या घेऊन उभ्या होत्या. दगडाच्या भांड्यात तांबडा चिखल. खाली पोफळी, केळी, त्यापलीकडे आमची कौलं. साहेब ते सगळं बघत राहिला. मग वाकून त्यानं तो चिखल बोटावर घेतला. लवू मागून आला होता. साहेब उठला आणि त्याच्यावर ओरडला. आवाज मोठा नव्हता, पण असा होता की लवू दोन्ही हात मांड्यांना चिकटवून ताठ उभा राहिला. कित्येक महिन्यांत मी त्याला तसं बघितलं नव्हतं.

साहेब मग माझ्याशी इंग्रजीतून बोलला. त्याचं इंग्रजी आणि माझं गोदीतलं इंग्रजी सारखंच मोडकं, त्यामुळे मला नीट कळलं. तो म्हणाला, मी विचारलं होतं. त्या बाजूला माणसं राहतात का, पाणी पितात का. बैठकीत विचारलं, नंतर परत विचारलं. हा म्हणाला, कोणी नाही, देवाची जागा आहे, पावसाळ्यात थोडं पाणी असतं.

"पितात म्हणून सांगितलं असतं तर?" मी विचारलं.

"तर या बाजूला हात लावला नसता."

"आता?"

त्यानं वर कड्याकडे बघितलं आणि मान हलवली. पाण्याची वाट आत फुटली, आता ते कुठे जाईल ते सांगता येणार नाही, असं काहीतरी म्हणाला. मग माझ्यापुढे वाकला, बायांपुढे वाकला. एका म्हातारीला वाटलं, तो नमस्कार करतोय. तिनंही हात जोडले.

साहेब एकटाच वर निघून गेला. बायाही गेल्या. लवू तसाच उभा होता. मी त्याला म्हटलं, "हात खाली सोड. मी काय हवालदार नाय."

तो झरीच्या काठावर बसला.

"कित्याक केलंस?"

"चांगलो दगड हडेच आसा, भावजी. ही बाजू सोडली तर बोट भरची नाय. साहेब म्हणालेलो, मगे दुसरो डोंगर बघूचो लागात."

"बघूक देवचो होतो."

"तो गेलो असतो."

"जातलो तर जावंदे होतो. तुझो कोण लागता तो?"

"कोण नाय." तो खाली बघत होता. "पण तो गेलो असतो म्हणजे मी परत पडवीत. तुमी बघलेल्यात मा माका? थंय बसलेलंय तो मी, नि तेच्या बाजूक उभो ऱ्हवतंय तो मी? साहेब माका 'सान' म्हणता. लवू-सान. मानान हाक मारतत ती. तेंच्याच माणसांनी माका जनावरासारखो राबवलो नि तेंच्यातलोच एक माका मान देता. गावान कधी दिलो? लवू येडो, लवूक मागून हाक मारू नको."

"आमी दिलो नाय?"

"तुमी माका संभाळल्यात," तो म्हणाला. "ता येगळा."

मला त्याला मारावंसं वाटलं. मारलं नाही. म्हटलं, "वाडीचा पाणी गेला. माझी बाग गेली. ती एकएक पोफळ तुझ्या बायेन लायलेली आसा. तू ह्येच बागेतलो नारळ खावन उठलंस. तिका आता काय सांगशीत?"

लवूनं वर बघितलं. त्याला माझं बोलणं कळलं नाही असं त्याचं तोंड झालं.

"बायेक इचारूनच केलंय," तो म्हणाला.

मी म्हटलं, "काय?"

"कौल लावच्या आदल्या दिवशी. माका ऱ्हवाक झाला नाय, म्हणून तिका सगळा सांगलंय. म्हटलंय, अजून येळ आसा, तू नको म्हण, मी साहेबाक जावन खरा सांगतंय. तेंका बोट मिळो न मिळो."

"मगे?"

"भाकरी थापत होती ती थापूनच झाली. मगे म्हणाली, साहेबाक सांगू नको. मी परबांच्या बावीवरसून पाणी हाडीन."

मी घरी आलो तेव्हा उन्हं चढली होती. आवडीनं तीन पानं मांडली होती. तिनं माझ्याकडे एकदा बघितलं, मग वाढायला घेतलं. सकाळच्या हंड्यातलं पाणी तिनं माझ्या तांब्यात ओतलं. परबांच्या आवाठात, म्हणजे त्यांच्या वस्तीत, नंतर कोणीतरी सहज बोलून गेलं की आवडी गेला आठवडाभर रोज पहाटे त्यांच्या विहिरीवर येत होती. झरीवरच्या कड्याला सुरुंग लागायला लागले होते तेव्हापासून. ती वरचे आवाज ऐकत होती आणि वाट बघत होती. मी मात्र रोज तिच्याच समोरून खोरं घेऊन बागेत जात होतो.

लवू जेवायला आला नाही. संध्याकाळी तिनं त्याचं पान शेजारच्या गाईला घातलं.

साहेबानं शेठच्या मागे लागून वाडीत एक विहीर खणून घेतली. समुद्र जवळ, पाणी खारं लागलं. मग साहेबाची बदली झाली. गावानं त्याला शिव्या दिल्या. म्हणायचे, जपानी गोड बोलला आणि फसवून गेला, लढाईत केलं तेच परत केलं. लवू त्या शिव्या ऐकून घ्यायचा. मीही ऐकून घेतल्या. त्या माणसानं दोनदा विचारलं होतं, हे सांगायचं तर पुढचं सगळं सांगावं लागलं असतं. बाबी गुरव तर बरेच दिवस देवळात जायला घाबरायचा. त्याला वाटायचं, पाकळी लावताना आपल्याच हातून काही चुकलं.

पोफळी त्या उन्हाळ्यात वाळल्या. लवूनं पुढे धक्क्यावर घर बांधलं, लग्न केलं, त्याला मुलं झाली. तो सणासुदीला येई. मी त्याच्याशी पाऊसपाण्याचं बोलत असे. गाव सोडून जाणारे गेले, आम्ही राहिलो. मी भातशेती करत राहिलो. आवडी जन्मभर टेकाडापलीकडून पाणी आणत राहिली. एकदा ती तापानं फणफणलेली होती म्हणून मी कळशी उचलली, तर तिनं माझ्या हातातून ती काढून घेतली. म्हणाली, "ता माझा काम." पुढे वाडीत नळ आला, तोपर्यंत तिनं मला त्या वाटेनं एकदाही कळशी घेऊन जाऊ दिलं नाही.

मी तिच्याबरोबर भांडलो नाही. आमचं बरं चाललं होतं, असंच कोणीही म्हणेल. पण ती काही सांगायला लागली की मला वाटायचं, हिनं काय सांगितलं नाही ते मला कळलेलं आहे. ती हसली तरी तेच वाटायचं. ते कधी गेलं नाही.

गेल्या श्रावणात ती अंथरुणाला खिळली. एके दुपारी मी तिला चमच्यानं पाणी पाजत होतो. दोन घोट घेतल्यावर तिनं हातानं चमचा बाजूला केला.

"तुमी माका कधी काय इचारल्यात नाय," ती म्हणाली.

"काय इचारूचा होता?"

"काय नाय," ती म्हणाली आणि कुशीवर वळली.

त्यानंतर ती बरेच दिवस जगली. औषधाचं, दुधाचं, लवूच्या धाकट्या मुलीच्या लग्नाचं बोलली. मीही बोललो. गणपतीच्या आधी ती गेली. लवू खांदा द्यायला आला होता. आता घरात मी एकटाच असतो. मी तिला विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. ते राहून गेलं.